कणभर गहू आणि माझी झोप

१० मार्च, सोमवार

आज आम्ही हरलो. हरलो दोघी, पण हरवलं मी. नुसता सरावाचा सामना, तोही त्या सुस्त बाईच्या, चेलाच्या, जोडीशी. बोचासच्या, म्हणजे आमच्या गोळे घरंगळवायच्या खेळाच्या, पट्टीवर माझं काम तसं साधं. जड गोळा हळूच घरंगळत न्यायचा आणि त्या चिमुकल्या नेमाच्या गोळीच्या, बोचिनच्या, कुशीत नेऊन बसवायचा. समोरच्यांचे गोळे उडवायचं काम पोरोताचं. मी सांभाळायचं, तिने फोडायचं, असा आमचा चाळीस वर्षांचा संसार. आज गुडघा वाकवून पुढे झुकले आणि पोटरीत असा पेटका आला की गोळा हातातून सुटून थेट मागच्या फळीवर आदळला.

क्लबचा कप्तान दोन इतालो (आमच्याकडे मानाने बाप्याला 'दोन', बाईला 'दोन्या' म्हणतात) मिशी चावत जवळ आला. म्हणाला, "ओतिलिया, रात्री झोपतेस की चोऱ्या करत फिरतेस?"

"झोप येत नाही, दोन इतालो. आणि चोरी करायला ताकद नाही."

"जूनमध्ये विभागाची अंतिम फेरी आहे. मला डोळे उघडे असलेली बाई हवी. नाहीतर पोरोताबरोबर चेला उतरेल. आत्ताच सांगून ठेवतो, मागनं रडू नकोस."

पोरोताने बाकावर जागा करून दिली, एक खारं बिस्किट आपल्या तोंडात कोंबलं, मातेच्या, आमच्या कडू पाल्याच्या चहाच्या, भोपळ्यात गरम पाणी ओतलं, नळीतून पहिला घोट स्वतः ओढून बघितला आणि भोपळा माझ्या हातात दिला. "पी, काटके. चेलाबरोबर खेळण्यापेक्षा मी विणकाम करीन." जरा बरं वाटलं.

आता जरा नीट लिहिते. मला सीलिॲक आहे हे कळून दीड वर्ष झालं. गहू, जव, राय, ओट, ह्यांतलं काहीही पोटात गेलं की माझ्या आतड्याची आतली लव झडते आणि खाल्लेलं अंगी लागत नाही. म्हणून घरातून पीठ हद्दपार केलं. लाटणं दान केलं, जुनी चाळण फेकली, कपाटं व्हिनेगरने पुसली. पोट सुधारलं. झोप मात्र गेली ती गेलीच. शहरातल्या डॉक्टरणीने रक्त तपासलं. म्हणाली, मूत्रपिंडं ठणठणीत आहेत पण मॅग्नेशियम फार कमी आहे, त्याने पेटके येतात आणि झोपही बिघडू शकते, गोळ्या सुरू करा. पण बिनगव्हाच्याच. आणि अहवालाकडे बघत पुढे म्हणाली, "अजून कुठून तरी कण शिरतोय तुमच्यात. शोधा."

माझ्या घरात मुंगीलासुद्धा पिठाचा कण सापडायचा नाही. मी कुठे शोधू?


१२ मार्च

पोरोताचा भाचा नेस्तोर पिशवीतून औषधं विकतो. मध, मलमं, केस उगवायचं तेल (स्वतः टकला आहे). तो मॅग्नेशियमची डबी घेऊन आला.

"मावशी, शंभर टक्के नैसर्गिक."

मी भिंग काढलं. शाळा माझी सहावीपर्यंत, पण डब्यांवरचं बारीक अक्षर वाचण्यात आता मला कुणी हरवायचं नाही. लिहिलं होतं: मॅग्नेशियम, रंग, स्टार्च.

"कसला स्टार्च?"

"नैसर्गिक."

"नेस्तोर, बाळा, गहूसुद्धा नैसर्गिकच उगवतो. मका, बटाटा, तांदूळ की गहू?"

त्याने डबी उलटी करून बघितली, जणू बुडाशी उत्तर असेल. मग म्हणाला, "इतकं थोडं असतं मावशी, त्याने काय होतंय."

हे वाक्य मी दीड वर्ष ऐकतेय. लग्नांत, बारशांत, मयतीलासुद्धा. डबी परत दिली. केसांचं तेल मात्र घेतलं. पोराचं मन कशाला मोडा.


२० मार्च

शहरात गेले होते. बसस्थानकाजवळ आरोग्याच्या वस्तूंचं मोठं दुकान निघालंय, आत सगळं पांढरं आणि थंडगार. विक्रेतीने हसत हसत डबी पुढे केली. झाकणाशेजारी आपलं ओळखीचं चिन्ह, गोलात गव्हाची ओंबी आणि तिच्यावर तिरकी रेघ. मला हायसं वाटलं. पिशवीत टाकणारच होते, पण बोट चिन्हावरून फिरलं आणि त्याची कड नखाला लागली. चिन्ह छापलेलं नव्हतं, चिकटवलेलं होतं. मी जरा उचकटलं. खाली बारीक अक्षरात: गव्हाचे अंश असू शकतात.

विक्रेतीचं हसू तसंच राहिलं, नुसते डोळे हलले. "असे येतात आमच्याकडे, सेन्योरा."

"असे येत नाहीत, पोरी. असे कुणीतरी करतं."

मालकाला बोलावलं. तो डबी हातात घेऊन बराच वेळ बघत बसला. मग फळीवरच्या सगळ्या उतरवल्या आणि पुरवठादाराला माझ्यासमोर फोन लावून जे बोलला ते ह्या वहीत लिहिण्यासारखं नाही. रिकाम्या हाताने घरी आले, पण बसमध्ये मान ताठ होती. माझ्यासारख्याच कुणीतरी ती डबी नेली असती.

संध्याकाळी क्लबात सगळ्यांना सांगितलं. पोरोता इतकी हसली की बिस्किटाचा भुगा भोपळ्यावर उडाला. "काटके, तुला पोलिसात घ्यायला हवं होतं." माते दोनदा फिरला. रात्र वाईट गेली.


२६ मार्च, बुधवार

चौकातल्या औषधाच्या दुकानात नवी मुलगी आली आहे, मारिसेल. केस उंच बांधलेले, बोलणं नेमकं. मी स्टार्चचं विचारलं तर हसली नाही. आतून एक डबी आणली, चिन्ह छापलेलंच होतं, मी नखाने खात्री केली.

"चिन्ह आहे, नोंदणीचा आकडा आहे. तरी कंपनीला फोन करा, दोन्या ओतिलिया. विचारायचं तीनच गोष्टींबद्दल: स्टार्च कशाचा, त्याच यंत्रावर गव्हाचं काही बनतं का, आणि प्रत्येक घाण्याची, म्हणजे एका वेळी बनलेल्या मालाची, तपासणी होते का. तिसऱ्यावर अडखळले तर डबी परत आणा."

तिथूनच फोन लावला. पलीकडची बाई म्हणाली, स्टार्च मक्याचा, यंत्र वेगळं, तपासणी प्रत्येक घाण्याची, हवं तर कागद पाठवते. अडखळली नाही. मला तिच्या गालाचा मुका घ्यावासा वाटला.

निघताना मारिसेल म्हणाली, "आणि माते स्वतःचा वेगळा ठेवा हं. दुसऱ्यांच्या नळीने नको."

महासाथीपासून ही तरुण पोरं थुंकीला फार घाबरतात. मी मान डोलावली. आमच्या क्लबात एका नळीने मी चाळीस वर्षं माते पितेय, साधी सर्दी झाली नाही.


३ एप्रिल

ह्या गोळ्यांचा काय प्रताप सांगू. चार दिवस घर आणि संडास, एवढाच माझा प्रवास. मला वाटलं, झालं, ह्यातही गहू. रागारागात मारिसेलकडे गेले.

"हा गहू नाही," ती म्हणाली. "हे सायट्रेट आहे, काहींना पोट ढिलं करतं. माझंच चुकलं, आधी विचारायला हवं होतं. दुसऱ्या प्रकारचं देते, ग्लायसिनेट. पोटाला सोसतं. कंपनी तीच."

"आणि झोप?"

"ही झोपेची गोळी नाही, दोन्या. तुमच्यात जे कमी आहे ते हळूहळू भरेल. मग झोप आपल्या पायांनी येईल."

तिचं ते आपल्या पायांनी मला आवडलं.


११ एप्रिल

पोट शांत. झोप नाही. सरावात चेलाची जोडी पुन्हा जिंकली. दोन इतालोने चेलाच्या पाठीवर थाप मारली. पोरोता माते भरत राहिली, मी पीत राहिले. माझ्यासाठी तिने घरून भाजलेले शेंगदाणे आणले होते, आठवणीने वेगळ्या कागदात बांधून. स्वतः बिस्किटं. अशी मैत्रीण नशिबाने मिळते.


२१ एप्रिल, सोमवार

झोपले.

इस्टरचा अख्खा आठवडा झोपले. पोरोता पाराना नदीकाठी बहिणीकडे गेली आहे, क्लब बंद, मी आपली घरी एकटी. सकाळी अंगणात एकटीने माते प्यायचा, कॉडमाशाचा रस्सा करायचा, गोळी घ्यायची. आणि काल पहाटे डोळे उघडले तर पहाट नव्हतीच, ऊन पडद्यातून आत आलं होतं आणि शेजारणीचा रेडिओ वाजत होता. मी उठून आरशात बघितलं. माझाच चेहरा, पण इस्त्री केलेला.

पेटका नाही. हात समोर धरला, बोटं स्थिर. मारिसेलला सांगायला गेले, दुकान बंद. मग दारालाच म्हणाले, "आली गं, आपल्या पायांनी आली."

अंगणात लिंबं घेतली आणि एका भांड्याजवळ घरंगळवत बसले. पाचातली चार जाऊन टेकली.


३० एप्रिल, बुधवार

लिहायला लाज वाटते.

पोरोता परत आली, क्लब सुरू झाला, आम्ही पुन्हा रोज संध्याकाळी पट्टीवर. आणि पुन्हा तेच. जागरण, पोटफुगी, काल तर मांडीपर्यंत पेटका. मी विचार केला, बदललं काय? एकच गोष्ट बदलली: शनिवारी मी नवी डबी फोडली. म्हणजे ह्या घाण्यात गहू आहे.

दुकानात गिऱ्हाईकं होती. मी डबी काउंटरवर आपटली. "तुझ्या कंपनीने मला फसवलं. आणि तू त्यांची साक्षीदार."

मारिसेल पांढरी पडली. "बसा, दोन्या."

"मी बसायला आले नाही. पहिली डबी चांगली देऊन गिऱ्हाईक बांधायचं आणि दुसऱ्या डबीत कचरा घालायचा, हा धंदा मला कळतो."

ती डबी उचलून घाण्याचा आकडा टिपून घेऊ लागली. "मी चौकशी करते," एवढंच म्हणाली. मागे उभी असलेली पाववाल्याची बायको म्हणाली, ह्या मोठ्या कंपन्या सगळ्या सारख्याच. मला तेव्हा ते पटलं. घरी आल्यावर मात्र तोंडात कडू चव राहिली.


६ मे

मारिसेल स्वतः घरी आली. त्या घाण्याच्या तपासणीचा अहवाल घेऊन. ग्लूटेन नाही. शिवाय तिने आपल्या खर्चाने उरलेली डबी दुसरीकडे तपासायला पाठवली होती, तिथूनही तेच उत्तर.

"गोळी स्वच्छ आहे, दोन्या ओतिलिया. दुसरीकडे बघायला हवं. इस्टरमध्ये काय वेगळं केलंत?"

"काही नाही गं. खाल्लं तेच, झोपले त्याच पलंगावर. फक्त पोरोता नव्हती."

ती काहीतरी म्हणणार होती, पण आठवड्यापूर्वी मी तिला जे बोलले होते त्यानंतर बिचारीची हिंमत झाली नसावी. "विचार करा," म्हणाली आणि गेली.

मी विचार केला. पोरोता नव्हती म्हणजे दंगा नव्हता, चेलाची कटकट नव्हती, अंतिम फेरीची काळजी नव्हती. काळजीच खाते माणसाला. क्लब सोडावा का? चेला खेळेल. पण मग मी संध्याकाळी कुठे जाऊ?


९ मे, शुक्रवार

सापडला.

क्लबात माते फिरत होता. माझ्याकडे आला, मी ओढते तर काही येईना. नळी तुंबलेली. पोरोता म्हणाली, "तुझ्याकडे केसाची पिन आहे ना, साफ कर की." मी नळी उपसून काढली, खालची जाळी फिरवून उघडली आणि पिनेने कोरलं. आधी आला पाल्याचा हिरवा चोथा. आणि मग त्याच्यामागून एक पांढरट, फुगलेला, मऊ लगदा. मी तो बोटावर घेतला. खारट वास आला.

बिस्किट.

मी पोरोताकडे बघितलं. ती चावत होती. तिने भोपळा दोन इतालोसाठी भरून ठेवलेला, दोन इतालो चावत होता. चेला चावत होती. सगळ्यांची तोंडं चावत होती आणि सगळी तोंडं ह्याच एका नळीला लागून माझ्याकडे येत होती. मातेच्या पाल्याच्या पाकिटावरचं चिन्ह मी तपासलं होतं. पाण्याची किटली घासली होती. शेंगदाणे वेगळ्या कागदात. आणि नळी? नळीचा कुणी विचार करतं का? ते काय खाणं आहे? ती आमची बैठक आहे.

नळी जागेवर ठेवली. डोकं दुखतंय म्हणून उठले.


१० मे

आज सांगितलं तिला. एकटीला सांगायला हवं होतं, पण तिने सगळ्यांदेखत भोपळा पुढे केला आणि माझा हात पुढे जाईना.

"घे की."

"नको, पोरोता."

आमच्याकडे भोपळा परत करताना आभार मानले की समजायचं, पोट भरलं. न पिताच नको म्हणणं, तेही पहिल्या फेरीला, मैत्रिणीला, हे मी कधी बघितलेलं नाही.

"का नको?"

मी सांगितलं. नळी, बिस्किट, लगदा. जमेल तेवढ्या हळू आवाजात.

तिचा चेहरा उतरत गेला. "म्हणजे माझ्या तोंडातून तुला विष गेलं म्हणतेस. दीड वर्ष मी तुला आजारी पाडत होते."

"तुझं एकटीचं तोंड नाही गं, सगळ्यांचीच."

"चाळीस वर्षं माझ्या हातचा माते प्यायलीस. आता किळस आली."

"किळस नाही, पोरोता."

तिने भोपळा जमिनीवर उपडा केला, किटली काखेत मारली आणि निघून गेली. दोन इतालो मिशीतून म्हणाला, "बाई, आपल्या फोडणारीलाच फोडलंस."


१८ मे, रविवार

आठवडा झाला, पोरोताचा पत्ता नाही. सरावाला येत नाही, फोन उचलत नाही. तिच्या दारावरून गेले तर पडदा हलला.

आणि ह्याच आठवड्यात मी काय झोपले. रोज. गाढ. कूस न बदलता. काही समजेना, आनंद मानू की तोंड लपवू. अंगात ताकद भरतेय आणि ती दाखवायला समोर कुणी नाही.

काल मारिसेलच्या दुकानात गेले, मुद्दाम गर्दीच्या वेळी. पाववाल्याची बायकोही होती, बरंच झालं. मी मोठ्याने म्हटलं, "मारिसेल, तुझी गोळी पहिल्या दिवसापासून खरी होती. मी गळकी घागर घेऊन विहिरीला नावं ठेवत होते."

ती काउंटरच्या आतून बाहेर आली आणि मला मिठी मारली. कानात म्हणाली, "नळीचं मी तुम्हाला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं."

"सांगितलंस. मला वाटलं थुंकीला घाबरतेस."

ती इतकी हसली की तिचे बांधलेले केस सुटले. तेवढ्यात एक तरुण बाप विचारत होता, मुलीला सीलिॲक निघालंय, जीवनसत्त्वाची कुठली डबी विश्वासाची. मारिसेलने माझ्याकडे बोट केलं. "ह्यांना विचारा. ह्या चिन्हसुद्धा नखाने तपासतात." मी त्याला तीन प्रश्न शिकवले, फोन लावून दाखवला. आणि नळीचंही सांगितलं. तो म्हणाला, "पण तिची आजी तर तिला रोज आपला गोड माते देते." म्हटलं, आजीला आजच जाऊन सांग, आणि सांगताना पाया पड.


२५ मे, रविवार

राष्ट्रीय सण. क्लबात मक्याचा लोक्रो रटरटत होता, त्यातलं चोरिसो सॉसेज मी स्वतः चिन्ह बघून आणलेलं. मी पातेल्याजवळ उभी होते आणि दार ढकलून पोरोता आत आली. हातात टोपली. कुणाकडे न बघता खुर्चीवर चढली. तिचं वजन बघता खुर्चीचीच काळजी वाटली.

"ऐका. मी त्या औषधवाल्या पोरीशी भांडायला गेले होते. म्हटलं, आमची मैत्री तोडलीस. तिने मला खुर्ची दिली, आतड्याचं चित्र काढून दाखवलं. असं गालिच्यासारखं असतं म्हणे, आणि आमच्या काटकीचा गालिचा मी बिस्किटाने झिजवत होते." इथे तिचा आवाज जरा फाटला. तिने खाकरून तो शिवून घेतला. "तर आजपासून दोन भोपळे. तो जुना तुमचा, खा त्यात काय खायचं ते. हा नवा, ही नवी नळी. ह्यातून ओतिलिया पिणार आणि मी पिणार."

"आणि तू बिस्किट खाशील तेव्हा?" चेलाने विचारलं.

"मी पीठ सोडलं. पाच दिवस झाले. तळलेल्या मांसाचा तुकडा स्वप्नात येतो, पावाच्या चुऱ्यासकट. पण सोडलं म्हणजे सोडलं. एकटीने माते पिऊन ती काय झोपेल? सुकून जाईल."

दोन इतालो म्हणाला, "पोरोता, तुझ्यासारखी बाई पिठाशिवाय म्हणजे बैल शिंगांशिवाय."

"तुम्ही गप्प बसा. तुमच्या मिशीत अख्खी बेकरी आहे."

टोपलीत कसाव्याच्या पिठाचे चीज घातलेले चिपा होते, गरम. पाकिटं सोबत आणली होती, मला तपासायला. मी भिंग काढलं. ती वाट बघत उभी राहिली, परीक्षेला बसलेल्या पोरीसारखी. सगळी चिन्हं छापलेली. मी एक चिपा तोंडात टाकला आणि मला रडू आलं. तर म्हणाली, "रडू नकोस, मीठ जास्त होईल."

तिने पाणी ओतलं, पहिला घोट ओढून बघितला आणि भोपळा माझ्या हातात दिला.


२ जून

आमच्या भोपळ्याला तिसरं गिऱ्हाईक आलं. दोन इतालो सरावाआधी समोर येऊन तोंड उघडून उभा राहिला. मिशी कापलेली, वरचा ओठ कोंबडीच्या पिलासारखा. "काल दुपारपासून पीठ नाही. तोंडही धुतलंय. हवं तर बघा." पोरोताने खरंच आत डोकावून बघितलं.

आज आम्ही चेलाच्या जोडीला एकही गुण दिला नाही. संघ ठरला. चेला माझ्याजवळ येऊन म्हणाली, "मला तर सुटल्यासारखं वाटतंय, अंतिम फेरीला बसने जायचं आणि मला बस लागते."


९ जून, सोमवार

काल अंतिम फेरी. विया ओंबू गावाच्या पट्टीवर, त्यांच्याच प्रेक्षकांसमोर. आत शिरलो तर त्यांची कप्तानीण, चांगली दणकट बाई, स्वागताचा माते घेऊन पुढे आली. सगळे बघत होते. नको म्हणायचं म्हणजे पुन्हा तेच.

पोरोता मधे आली. "ती तुमचा घेणार नाही. तिने माझाही घेतला नव्हता. वाईट वाटून घ्यायचं असेल तर रांगेत माझ्यामागे उभ्या राहा."

कप्तानीण हसली. "माझ्या सुनेलाही तेच आहे. आम्ही तिला लाडावलेली म्हणायचो." आणि तो माते तिने स्वतःच पिऊन टाकला.

शेवटचा डाव बरोबरीत. त्यांचा गोळा बोचिनला असा चिकटलेला की मधून कागद जायचा नाही. पोरोताने दोन पावलं टाकली, हात मागे गेला आणि तो गोळा तिने असा उडवला की मागची फळी थरारली. मैदान मोकळं. आता माझी पाळी. मी गुडघा वाकवला. पोटरी गप्प. हात पुढे केला, बोटं आपल्या जागी. मी गोळ्याला सोडलं नाही, फक्त निरोप दिला. तो निघाला, निघाला, वाटेत जरा विचार केला, आणि बोचिनला गाल लावून थांबला.

पंचाने मोजपट्टी काढली. गरज नव्हती.

पुढचं मला आठवतं ते बसमध्ये चढेपर्यंत. खिडकीशी बसले, म्हटलं जरा डोळे मिटावेत. बाकी सगळं पोरोताने आज सांगितलं. सगळी वाट ढोल वाजला. गाणी म्हटली, त्यातली दोन माझ्या नावाची. गावाच्या वेशीवर अग्निशमनाच्या गाडीने भोंगा दिला, चौकात फटाके उडाले, नगराध्यक्षाने भाषण केलं. दोन इतालो रडला, मिशी नसल्यामुळे सगळ्यांना दिसलं. मारिसेल बसच्या खिडकीवर टकटक करत होती. तिला पोरोताने खूण केली, उठवू नकोस.

क्लबाच्या भिंतीवर लावायचा फोटो आज आला. पोरोताने कप डोक्यावर धरलाय, सगळ्यांची तोंडं ओरडून उघडी, आणि मधे मी, मान खिडकीला टेकलेली, तोंड उघडं, घोरतेय. दोन इतालो म्हणाला, दुसरा काढू, नीट बसून.

मी म्हटलं, हाच लावा. आणि जरा मोठा करून.